आईचं बीपी २१२, तरी घरी पाठवलं! हा हलगर्जीपणा का?

प्रश्न : माझी आई ६६ वर्षांची आहे. बारा वर्षं बीपीची गोळी घेते. गेल्या मंगळवारी सकाळी डोकं जड वाटतं म्हणाली, म्हणून घरच्या मशीनवर पाहिलं तर २१२/११६. तीनदा घेतलं, तिन्ही वेळा वरचा आकडा दोनशेच्या पुढेच. शेजारचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, "कॅप्सूल टोचून दोन थेंब जिभेखाली टाका, पाच मिनिटांत उतरेल." आम्हाला धीर झाला नाही, थेट तालुक्याच्या रुग्णालयात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांना बीपी घेतलं, ईसीजी काढला, रक्त-लघवी तपासली आणि पाऊण तास नुसतं बसवून ठेवलं. ना सलाईन, ना इंजेक्शन. मग १८४/१०२ आलं. नेहमीची गोळी समोरच घ्यायला लावली आणि "तीन दिवसांनी दाखवा" म्हणून घरी पाठवलं. बहिणीच्या सासऱ्यांना गेल्या वर्षी मध्यरात्री धाप लागली तेव्हा त्यांचं बीपी १९० होतं, त्यांना मात्र चार दिवस आयसीयूत ठेवलं होतं. मग आईच्या बाबतीत ही बेफिकिरी का? तक्रार करावी का? (आईची गोळी संपल्यामुळे आठ दिवस बंद होती. खोकल्यासाठी घरचा काढा चालू होता आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी.)

उत्तर : तक्रार करू नका. त्या डॉक्टरबाईंनी जवळजवळ सगळं बरोबर केलं. त्यांचं चुकलं असेल तर इतकंच, की आपण काय करतोय आणि का करतोय हे त्यांनी तुम्हाला दोन वाक्यांत सांगितलं नाही. कॅज्युअल्टीत एका वेळी पाच पेशंट असले की बोलणं आधी कापलं जातं, आणि घरच्यांच्या मनात "काहीच केलं नाही" एवढंच उरतं.

१९० ला आयसीयू आणि २१२ ला घर, हे कोडं तुमच्याच पत्रातल्या एका शब्दाने सुटतं. सासऱ्यांना धाप लागली होती. आईंना लागली नव्हती. बीपी खूप वाढलेला माणूस समोर आला की आकड्याआधी डॉक्टर एकच गोष्ट शोधतात : हा दाब आत्ता, या तासाला, एखादा अवयव बिघडवतोय का? मेंदू, हृदय, फुप्फुसं, मूत्रपिंडं, डोळ्याचा पडदा, हृदयातून निघणारी महाधमनी, आणि बाई गरोदर किंवा बाळंतीण असेल तर तिचा जीव. यांपैकी काहीही बिघडत असेल तर ती इमर्जन्सी, मग आकडा १८० च्या खाली का असेना. काहीच बिघडत नसेल तर २१२ सुद्धा तासांत उतरवायचं काम नाही, दिवसांत आणि आठवड्यांत उतरवायचं काम आहे.

आता तो "नुसता बसवून ठेवलेला" पाऊण तास पाहू. दोन्ही हातांना बीपी घेतलं ते उगाच नाही. दोन हातांत वीसपेक्षा जास्त फरक आणि सोबत छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ असेल, तर महाधमनीचा आतला पदर फाटल्याची शंका घेतात. ईसीजीत हृदयावर ताण किंवा अटॅकच्या खुणा आहेत का ते दिसतं. लघवीत बुडवलेल्या पट्टीवर प्रथिनं आणि रक्त आलं, किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा कचरा) अचानक वाढलेलं निघालं, तर दाब मूत्रपिंडापर्यंत पोचलाय. बोलताबोलता त्यांनी आईंची जीभ जड झालीय का, हातांची पकड सारखी आहे का, नजर धूसर आहे का, हे पाहिलं असणारच. ते तपासणीसारखं दिसत नाही, गप्पांसारखं दिसतं. एका गोष्टीचा उल्लेख मात्र तुमच्या पत्रात नाही : डोळ्यांत छोटी दुर्बीण लावून पडदा पाहिला का? पडद्यावर ताजा रक्तस्राव, कापसासारखे पांढरे ठिपके किंवा डोळ्याच्या नसेची सुजलेली चकती दिसली, तर माणूस कितीही ठणठणीत दिसत असला तरी त्याला भरती करतात. पाहिला नसेल तर पुढच्या भेटीत आवर्जून पाहायला सांगा.

तपासून काही सापडलं नाही, तरी एक इंजेक्शन देऊन बीपी उतरवायला काय हरकत होती? हरकत आहे, आणि ती गणितानेच दाखवता येते. मेंदूला रक्त किती मिळेल हे सरासरी दाबावर ठरतं. तो काढायची सोपी रीत अशी : वरच्यातून खालचा आकडा वजा करा, उत्तराला तीनने भागा आणि ते खालच्या आकड्यात मिळवा. आईंचं २१२/११६ म्हणजे फरक ९६, त्याचा तिसरा हिस्सा ३२, म्हणून सरासरी १४८. मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या दाब वाढला की आकसतात आणि घटला की फैलावतात, म्हणून रक्तपुरवठा एकसारखा राहतो. बारा वर्षं बीपी असलेल्या माणसात ही सगळी व्यवस्था वरच्या पातळीवर सरकलेली असते. नेहमीच्या दाबापेक्षा साधारण पाव हिस्सा दाब झटक्यात खाली आला, की रक्तवाहिन्यांना आणखी फैलावायला जागा उरत नाही आणि मेंदूला रक्त कमी पडू लागतं. १४८ चा पाव हिस्सा वजा केला की १११ उरतात, म्हणजे साधारण १५६/८८. आणि लोकांना हवं असतं १२०/८०, ज्याची सरासरी ९३ येते. म्हणजे ३७ टक्क्यांची घट, तीही पाच मिनिटांत. एवढ्यात चक्कर येते, माणूस कोसळतो, नशीब वाईट असेल तर पक्षाघात होतो किंवा हृदयाला रक्त कमी पडून अटॅक येतो.

शेजारच्या काकांनी सांगितलेल्या कॅप्सूलनेही हेच होतं. ती निफेडिपिनची, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाची कॅप्सूल. एके काळी जवळजवळ प्रत्येक दवाखान्यात सुई टोचून तिचे थेंब जिभेखाली टाकत असत. काकांनी तो काळ पाहिलाय, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. गंमत अशी, की निफेडिपिन जिभेखालून फारसं शोषलंच जात नाही. थुंकीबरोबर गिळलं जातं आणि पोटातून रक्तात जातं. कुणाचं बीपी किती उतरेल याचा नेम नाही, आणि एकदा कोसळलं तर परत वर आणायला हातात काही राहत नाही. शिवाय नाडी धावायला लागते, ज्याचं हृदय आधीच दमलेलं आहे त्याला ते झेपत नाही. अशा प्रकारे पक्षाघात आणि अटॅक आल्याच्या नोंदी साठत गेल्या आणि १९९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली. काही ठिकाणी ती अजून टिकून आहे, कारण आकडा उतरताना दिसला की सगळ्यांनाच बरं वाटतं.

तशीच दुसरी सवय लॅसिक्सच्या, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या औषधाच्या इंजेक्शनची. फुप्फुसांत पाणी भरलं असेल तर ते हवंच. पण नुसतं बीपी वाढलेल्या बऱ्याच लोकांच्या अंगातलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, कारण चढलेला दाबच मूत्रपिंडातून मीठ-पाणी बाहेर ढकलत असतो. त्यांना आणखी लघवी करवली की शरीर उलट रक्तवाहिन्या आवळतं. आणि आकडा पाहून रात्री घाईघाईने ॲम्लोडिपिनची (बीपीच्या नेहमीच्या औषधांपैकी एक) जादा गोळी दिली, तर तिचा असर तासाभरात येत नाही. सहा-बारा तासांनी येतो, पूर्ण जोर धरायला आठवडा लागतो. ती दिली म्हणजे आत्ताचा आकडा हलत नाही, उद्या दुपारी मात्र आई उठताना भेलकांडतात.

सासऱ्यांचं प्रकरण वेगळं. मध्यरात्री धाप, आडवं झोपता येत नाही, छातीत खरखर, कधी गुलाबीसर फेस. चढलेल्या दाबाविरुद्ध पंप मारून डावं हृदय थकतं आणि पाणी फुप्फुसांत साठतं. इथे मिनिटं मोजायची. माणसाला पाय खाली सोडून ताठ बसवतात, तोंडावर घट्ट मास्क लावून दाबाने हवा देतात आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचं ड्रिप चालू करतात. सुरुवात मिनिटाला ५ ते १० मायक्रोग्रॅमने आणि दर तीन-पाच मिनिटांनी वाढ, माणूस फारच गुदमरत असेल तर सुरुवातच मोठ्या डोसने. साध्या पीव्हीसी नळीत हे औषध थोडं चिकटून राहतं, म्हणून शक्य असेल तिथे वेगळी नळी वापरतात. नाहीतर पंपावर दिसणारा डोस आणि शिरेत पोचणारा डोस यांत तफावत पडते. त्यांचं १९० तुमच्या २१२ पेक्षा कितीतरी धोक्याचं होतं.

एरवी आयसीयूत धोरण ठरलेलं असतं : पहिल्या तासात सरासरी दाब वीस ते पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त उतरवायचा नाही, पुढच्या दोन ते सहा तासांत १६०/१०० च्या आसपास, आणि नॉर्मलकडे एक-दोन दिवसांत. औषधं शिरेतून, पंपावर, चालू-बंद करता येतील अशी. लॅबेटालॉल (बीपी उतरवणारं आणि नाडी मंदावणारं औषध) असेल तर २० मिलिग्रॅम दोन मिनिटांत सावकाश द्यायचं, दहा मिनिटं थांबून बीपी बघायचं, गरज पडली तर ४०, मग ८०, आणि सगळं मिळून ३०० च्या पुढे नाही. दमा, खूप मंद नाडी किंवा पाणी भरलेली फुप्फुसं असतील तर ते टाळायचं. रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या बाटलीला काळा कागद गुंडाळलेला दिसेल, कारण उजेडात ते खराब होतं. ते झपाट्याने काम करतं, पण जास्त वेळ चाललं तर शरीरात सायनाइड साठतं, म्हणून हल्ली ते कमी वापरतात. हे डोस तुम्ही वापरावेत म्हणून लिहिलेले नाहीत. दर पाच मिनिटांनी बीपी मोजणारा मॉनिटर शेजारी नसेल तर यांतलं काहीही कुणीही देऊ नये.

धोरणाला अपवाद आहेत. महाधमनी फाटली असेल तर पंचवीस टक्क्यांचा नियम गुंडाळून ठेवतात. वरचा आकडा १०० ते १२० आणि नाडी साठच्या खाली, तेही वीस-तीस मिनिटांत. त्यात क्रम महत्त्वाचा : आधी नाडी मंदावणारं औषध, मग रक्तवाहिन्या सैल करणारं. उलट केलं तर हृदय दचकून जोरात ठोके मारतं आणि फाट आणखी पुढे सरकते.

सगळ्यात जास्त चूक घरचे लोक पक्षाघातात करतात. तोंड वाकडं झालं, एक हात पडला, बोलणं अडखळलं, आणि बीपी पाहिलं तर २००. घरातलं कुणीतरी बीपीची गोळी ठेचून तोंडात घालतं. दोन कारणांसाठी हे करू नका. एक तर गिळणं बिघडलेलं असतं, पाणी आणि गोळी श्वासनलिकेत जाते. दुसरं, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर तिच्याभोवतीचा अर्धमेला भाग त्या वाढलेल्या दाबावरच तग धरून असतो. दाब पाडला की तोही गेला. म्हणून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं नसेल तर डॉक्टर पहिल्या दिवशी २२०/१२० पर्यंतचं बीपी बहुधा तसंच राहू देतात. इंजेक्शन द्यायचं असेल तर मात्र आधी १८५/११० च्या खाली आणतात आणि नंतर चोवीस तास १८०/१०५ च्या खाली ठेवतात, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आणि रक्तस्रावच झालेला असेल तर वरचा आकडा १४० च्या आसपास आणायचा प्रयत्न करतात. तीन परिस्थिती, बाहेरून चेहरा एकच, औषधोपचार जवळजवळ उलटे. सीटी स्कॅन केल्याशिवाय ते कळत नाही. घरात तुम्ही एकच काम करायचं : माणूस शेवटचा नीट कधी दिसला ती वेळ लिहून घ्यायची आणि सीटीची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायचं. गुठळीचं इंजेक्शन सर्वसाधारणपणे त्या वेळेपासून साडेचार तासांतच देता येतं.

तुमच्या घराचा प्रश्न नसला तरी गरोदर बायकांबद्दल इथेच लिहितो, कारण तिथे लोक आकड्याला हलकं घेतात. विसाव्या आठवड्यानंतर, आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत, १६०/११० हा आकडासुद्धा इमर्जन्सी. पंधरा मिनिटांनी तो टिकून असेल तर तासाभराच्या आत औषध द्यायलाच हवं : शिरेतून लॅबेटालॉल किंवा हायड्रॅलाझिन, किंवा तोंडाने गिळायची निफेडिपिन १० मिलिग्रॅम. (हो, तेच निफेडिपिन. पण गिळायचं, मोजत राहून, आणि फक्त डॉक्टरांच्या देखरेखीत.) आकडी आली किंवा येण्याची चिन्हं असली तर मॅग्नेशियम सल्फेट : ४ ग्रॅम शिरेतून सावकाश, आणि ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत खोल. नर्स हातोडीने गुडघा ठोकून पाहते, श्वास मोजते आणि लघवीची पिशवी बघते, कारण मॅग्नेशियम जास्त झालं तर आधी गुडघ्याची उसळी जाते आणि मग श्वास मंदावतो. माहेरी आलेल्या बाळंतिणीचं डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, वरच्या पोटात दुखतंय, तर "जागरण झालंय" म्हणून सोडून देऊ नका.

आता तुमच्या पत्रातल्या कंसाकडे. खरं कारण तिथेच आहे आणि तुम्ही ते शेवटी, कंसात लिहिलंय! आठ दिवस गोळी बंद. तिच्या पाकिटावरचं नाव वाचा. क्लोनिडिन असेल तर ती अचानक थांबवल्यावर एक-दोन दिवसांत बीपी उसळी मारतं, पूर्वीपेक्षाही वर जातं. नाडी मंदावणाऱ्या, म्हणजे शेवटी "लोल" येणाऱ्या गोळ्याही एकदम बंद करायच्या नसतात. काढ्यात ज्येष्ठमध होतं का? घसा मऊ करतं म्हणून आपल्याकडे ते सर्रास घालतात, पण रोज घेतलं तर अंगात मीठ-पाणी साठतं, बीपी चढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. ते थांबवा, आणि पुढच्या भेटीत पोटॅशियम तपासायला सांगा. गुडघ्याची गोळी बहुधा डायक्लोफेनॅक किंवा तिच्या कुळातली वेदनाशामक असणार. ती बीपीच्या औषधांचा असर मारते आणि मूत्रपिंडावरही बोजा टाकते. दुखणं आवरायला पॅरासिटामॉल, शेक आणि लावायचं जेल यांवर आधी भागवा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत रक्तवाहिन्या आवळणारं फिनाइलएफ्रिन असतं, तेही टाळा. वयस्कर पुरुषांच्या बाबतीत अजून एक साधं कारण निसटतं : प्रोस्टेटमुळे लघवी तुंबली की बीपी वर जातं, आणि नळी घातली की आपोआप उतरतं.

बुडलेल्या आठ दिवसांच्या गोळ्या भरून काढायच्या नाहीत. रोजची एक, ठरलेल्या वेळी, एवढंच. तीन दिवसांनी बोलावलंय तेव्हा जा. डॉक्टर बहुधा औषध वाढवतील किंवा दुसरं जोडतील, आणि आकडा काही आठवड्यांत खाली आणतील. तो उशीर मुद्दाम केलेला आहे.

मशीनबद्दल. तीन वेळा लागोपाठ, घाबरून, मध्ये बोलत-बोलत घेतलेले आकडे फुगतात. आईंना आधी लघवीला जाऊ द्या. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसवा. पट्टा ब्लाउजच्या बाहीवर बांधू नका, उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. दंड हृदयाच्या पातळीत हवा, टेबलावर उशी ठेवून त्यावर टेकवा. हात दहा सेंटीमीटर खाली लोंबला तरी आकडा सात-आठने जास्त येतो. दंड जाड असेल आणि पट्टा छोटा असेल तर आकडा हमखास चढाच दिसतो. पट्ट्याच्या आतल्या फुग्याने दंडाचा ऐंशी टक्के घेर तरी झाकला पाहिजे. नाडी अनियमित असेल तर स्वयंचलित मशीनवर विसंबू नका, डॉक्टरांकडून हाताने मोजून घ्या.

पुढच्या वेळी १८०/१२० च्या वर आकडा आला आणि आईंना बाकी काही होत नसेल, तर अर्धा तास शांत बसवून परत मोजा. गोळी बुडाली असेल तर त्या दिवसाची द्या. तरीही चढाच राहिला तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या डॉक्टरांना फोन. नाकातून रक्त आलं तर पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं न सोडता दाबून धरा, मान मागे टाकू नका. पण धाप, छातीत किंवा पाठीत कळ, तोंड-हात-बोलणं यांत बिघाड, नजर अंधुक, उलट्यांसकट भ्रमिष्टपणा, आकडी किंवा लघवी जवळजवळ बंद, यांपैकी काहीही असेल तर आकडा परत मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. रिक्षात आडवं घालून नेऊ नका, धाप असेल तर बसवूनच न्या. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं घ्या, नुसती नावं आठवून सांगण्यापेक्षा ते बरं.

तीन दिवसांनी जाताना घरचं मशीनही पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या मशीनशी ताडून पाहा. मग सात दिवस सकाळी गोळीच्या आधी दोनदा आणि संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, बीपी घेऊन वहीत लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी ती १३५/८५ च्या वर असेल तर औषध अजून पुरेसं नाही. गोळ्यांचं शेवटचं पान सुरू झालं की त्या कधी संपतील ती तारीख त्याच वहीच्या कव्हरवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.